शून्याच्या बोलीला गेलेलं तारण : भरपाई कुणाला, किती आणि कुणी द्यायची?

(येवला इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



येवल्यात उभं राहून लिलाव म्हणजे काय हे समजावून सांगायला लागलो, तर तुम्ही मला खाली बसवाल. बाजार समितीच्या आवारात नाहीतर अंदरसूलच्या उपबाजारात कांद्याचा ट्रॅक्टर उभा राहतो, व्यापारी ओळीने पुढे सरकतात, कांदा हातात घेऊन बघतात, बोली चढत जाते. भाव पटला तर सौदा, नाही पटला तर शेतकरी ट्रॅक्टर परत फिरवू शकतो. परत फिरवणं परवडतं असं नाही, पण हक्क आहे.

आता एक कल्पना करा. एक दिवस असा उजाडला की रस्ते बंद, फोन बंद, आणि आवारात एकच व्यापारी पोहोचला. त्याने ट्रॅक्टरकडे बघितलं आणि म्हणाला, "शून्य." दहा मिनिटं कुणी वर बोली लावली नाही. माल त्याचा झाला. शेतकऱ्याने विचारलं, अहो, हे काय? त्याला उत्तर मिळालं, "नियमात हेच लिहिलंय. सर्वात मोठी बोली शून्याची होती."

तुम्ही हसलात. पण १२ मार्च २०२० रोजी नेमकं हेच झालं. कांद्याच्या बाबतीत नाही, ईथर नावाच्या आभासी चलनाच्या बाबतीत. ज्यांचा माल गेला त्यांनी नंतर भरपाई मागितली, आणि ती नाकारली गेली. आज मला त्या नकाराची चिकित्सा करायची आहे. तो निर्णय कसा झाला, त्यामागची कारणं किती टिकतात, आणि न्याय करायचाच असता तर तो कसा करता आला असता, एवढाच आजचा विषय.

ज्यांनी या भानगडीत कधी पाऊल टाकलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. पैठणीचं काम करणारा विणकर रेशीम आणि जर घ्यायला पैसे कमी पडले तर काय करतो? घरातलं सोनं गहाण ठेवतो. सोनं विकायचं नसतं, लग्नातलं असतं, पण पैसा आज हवा असतो. मेकर नावाच्या व्यवस्थेत हेच होतं. तुमच्याकडचं ईथर तारण ठेवायचं आणि त्यावर डाय नावाचं, डॉलरच्या किमतीशी बांधलेलं चलन उचलायचं. शंभर रुपयांचं कर्ज असेल तर किमान दीडशे रुपयांचं तारण हवं. तारणाची किंमत त्या रेषेखाली गेली की तारण लिलावात निघतं, कर्ज वसूल होतं, त्यावर १३ टक्के दंड कापला जातो आणि उरलेलं कर्जदाराला परत मिळतं. नियम म्हणून यात वावगं काही नाही. सराफाकडेही साधारण असंच चालतं.

फरक एवढाच की इथे दुकानात माणूस बसलेला नाही. सगळा व्यवहार संगणकावरच्या करारात लिहिलेला. लिलाव पुकारणाराही तोच करार, बोली लावणारेही बहुतेक संगणकाचेच प्रोग्राम.

त्या १२ मार्चला कोरोनाच्या धास्तीने जगभरचे बाजार कोसळले. ईथरचा भाव एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त पडला. हजारो लोक एकदम व्यवहार करायला धावल्यामुळे त्या जाळ्यावर व्यवहार नोंदवण्याची फी प्रचंड वाढली. बोली लावणाऱ्यांचे प्रोग्राम जुन्या फीवर अडकून बसले. अनेकांकडे बोलीसाठी लागणारं डायच शिल्लक नव्हतं. ज्या थोड्यांचे व्यवहार आत पोहोचले त्यांच्या लक्षात आलं की आपल्यासमोर कुणीच नाही. त्यांनी शून्याची बोली लावली. मुदत दहा मिनिटांची होती, ती संपली. जवळपास ८३ लाख डॉलरचं ईथर अशा रीतीने फुकट गेलं.

आपल्याकडचा एक योगायोग सांगून ठेवतो. त्याच्या आठच दिवस आधी, ४ मार्च २०२० रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आभासी चलनांच्या व्यवहारांना बँक सेवा नाकारणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक रद्द केलं होतं. म्हणजे दार उघडलं आणि पुढच्याच आठवड्यात आतल्या घराचं छप्पर पडलं. त्यानंतर आपली किती पोरं आत गेली, ते तुम्ही आपापल्या घरात विचारून बघा.

आता निर्णयाकडे येतो. झालेल्या नुकसानीवर महिनोन्महिने चर्चा झाली, हिशेब मांडले गेले. अमेरिकेत एक खटलाही दाखल झाला. सप्टेंबर २०२० मध्ये मेकरचं मताधिकार देणारं नाणं ज्यांच्याकडे होतं त्यांनी मतदान केलं, आणि भरपाई द्यायची नाही असं ठरलं.

नाही म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी जमेल तितक्या प्रामाणिकपणे मांडतो, कारण विरोधकाचं म्हणणं मोडकंतोडकं मांडून त्याला पाडणं सोपं असतं. त्यांची कारणं तीन. पहिलं : करार उघडा होता, वाचता येत होता, त्यात जे लिहिलं तेच घडलं. दुसरं : धोका पत्करून कर्ज घेतलं, भाव पडला, मग रडायचं कशाला? तिसरं : आम्हीही बुडालोय. हे तिसरं खोटं नाही हं. लिलावात शून्य आल्यामुळे कर्जाची वसुली झालीच नाही, व्यवस्थेत पन्नास लाखांच्या आसपास डायचं भोक पडलं. ते बुजवायला मताधिकाराची नवी नाणी छापून विकावी लागली. म्हणजे जुन्या धारकांचा वाटा पातळ झाला.

एकेक कारण तपासू.

पहिलं कारण, "लिहिलं तेच घडलं." हे वाक्य महाराष्ट्राने पूर्वी ऐकलेलं आहे. १८७५ साली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेले. दंगा पुढे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातही पसरला. त्या दंग्याची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोकांना हवे होते ते कागद. कर्जरोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. माणसांना इजा करण्यावर भर नव्हता.

कागदावर एवढा राग का? कारण इंग्रजांच्या दिवाणी कोर्टात कागद हेच सत्य होतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. उद्देश चांगला होता, जुन्या दाव्यांतून रयतेची सुटका व्हावी. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घ्यायचा, थकलेलं व्याज मुद्दलात चढवायचा. अंगठा शेतकऱ्याचा, अक्षर दुसऱ्याचं. कोर्टात गेलं की न्यायाधीश विचारायचा : अंगठा तुझा का? हो. मग हुकूमनामा. बऱ्याचदा शेतकरी कोर्टात हजरच नसायचा, एकतर्फी निकाल लागायचा. कोर्टाने नियम मोडला असं कुणीच म्हणू शकत नव्हतं. लिहिलं तेच घडत होतं.

मग सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : कोर्टाने कागदाच्या मागे जायचं. रोख्यावर हजार लिहिलेत म्हणून हजार नाही, व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून काढायचा, मूळ किती दिलं, किती फेडलं, हे मांडून हिशेब करायचा. पुढे आणखी एक पळवाट दिसली. सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखत करून घेऊ लागले. तेव्हा कलम १० अ घालून कोर्टाला हेही बघायची मुभा दिली की वरून विक्री दिसणारा व्यवहार आतून गहाणाचा आहे का.

हाच धागा आपल्या आजच्या कायद्यापर्यंत येतो. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४. त्याच्या कलम १८ खाली कर्जापोटी सावकाराच्या ताब्यात गेलेल्या जमिनीची चौकशी सहकार खात्याचे जिल्हा निबंधक करू शकतात, आणि ती खरेदी नावापुरती होती असं दिसलं तर ते दस्त रद्द ठरवून जमीन कर्जदाराला परत देण्याचा आदेश देऊ शकतात. रजिस्टर झालेला दस्त, सही केलेला दस्त, तरी परत. का? कारण सही केली म्हणजे काहीही मान्य केलं, हे आपल्या समाजाने दीडशे वर्षांपूर्वीच नाकारलं.

आता मेकरकडे परत या. दंड १३ टक्के, हे लिहिलेलं होतं. कर्जदार काय समजून आत आला? की वाईटात वाईट, भाव पडेल, तारण विकलं जाईल, १३ टक्के कापले जातील, उरलेलं मिळेल. लिलाव होईल हे त्याने मान्य केलं होतं. ज्याला कुणी आलंच नाही त्याला लिलाव म्हणायचं का, हा खरा प्रश्न आहे. लिलाव हा शब्द वापरला की त्यात दोन गोष्टी आपोआप येतात, बोली लावणारे एकाहून जास्त आणि वेळ पुरेसा. या दोन्ही नसतील तर उरतो तो फक्त माल उचलून नेण्याचा प्रकार. मेकरच्या मंडळींनाही हे कळलं होतं याचा पुरावा त्यांनीच दिला. घटनेनंतर लगेच बोलीची दहा मिनिटांची मुदत काही तासांवर नेली. २०२१ मध्ये लिलावाची पद्धतच बदलली, वरच्या किमतीपासून सुरू होऊन खाली उतरत जाणारी नवी पद्धत आणली. यंत्र सदोष होतं म्हणून दुरुस्त केलं, आणि त्या यंत्रात ज्याचा हात सापडला त्याला म्हटलं, यंत्र ठीकच होतं! या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

दुसरं कारण, "भाव पडला, त्याला आम्ही काय करणार?" इथे मात्र मला भरपाई मागणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावायचे आहेत. कारण त्यांच्यातल्या काहींनी अख्ख्या तारणाची किंमत परत मागितली. ते चूक आहे.

कांद्याचंच उदाहरण घेऊ. २०२३ च्या सुरुवातीला लाल कांद्याचा भाव कोसळला तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत, फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या मालासाठी. ते अनुदान मिळवताना विक्रीची पट्टी, सातबाऱ्यावरची कांद्याची नोंद, यावरून किती हेलपाटे पडले ते इथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे. पण ते अनुदान कशाबद्दल होतं? भाव पडल्याबद्दल. लिलाव चुकीचा झाला असं कुणीच म्हटलं नव्हतं. ती मदत होती, समाजाने ठरवून सार्वजनिक तिजोरीतून दिलेली. आता समजा त्याच आठवड्यात एखाद्याचा ट्रॅक्टर मापात मारला गेला असता किंवा हातमिळवणी करून बोली पाडली असती, तर त्याला मिळायला हवी होती ती भरपाई. ती मदत नव्हे, हक्क. आणि ती देण्याची जबाबदारी सरकारच्या तिजोरीची नाही, ज्याच्या आवारात लिलाव झाला त्याची.

मदत आणि भरपाई या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की दोन्ही बाजू खोटं बोलायला लागतात. मागणारा भाव पडल्याचं दुःख लिलावाच्या खात्यात टाकतो. नाकारणारा लिलावाचा दोष भावाच्या खात्यात टाकतो. ही खाती वेगळी करायला फार मोठं गणित लागत नाही. फळ्यावर मांडतो, रुपयांत.

कर्ज एक लाख. तारण घसरत घसरत १ लाख ४८ हजारांवर आलं, म्हणजे दीडपटीच्या रेषेखाली. लिलाव सुरू. समजा नीट झालेल्या लिलावातही घाईच्या विक्रीमुळे पाच टक्के कमी येतात. म्हणजे ७,४०० गेले, हातात १ लाख ४० हजार ६००. त्यातून कर्ज एक लाख आणि दंड १३ हजार वजा. उरले २७ हजार ६००. हे कर्जदाराला परत मिळायला हवे होते.

शून्याच्या लिलावात काय झालं? तारण सगळं गेलं, १ लाख ४८ हजार. पण लक्षात घ्या, उचललेलं एक लाख कर्जदाराच्या खिशातच राहिलं, ते कुणी परत मागितलं नाही. म्हणजे त्याचं निव्वळ नुकसान ४८ हजार. त्यातले १३ हजार दंडाचे, ते त्याने मान्य केले होते. ७,४०० घाईच्या विक्रीचे, तेही गृहीत होते. उरतात २७ हजार ६००. भरपाई एवढीच. दीड लाखही नाही आणि शून्यही नाही.

हा आकडा एकदा फळ्यावर आला की भांडणाचं तापमान खाली येतं. ८३ लाख डॉलर हा आकडा ऐकून नाण्याचे धारक घाबरले, कारण त्यांना वाटलं एवढं सगळं द्यावं लागेल. पण प्रत्येक खात्याचा हिशेब असा मांडला असता तर न्याय्य रक्कम त्या आकड्याच्या बरीच खाली आली असती. १८७९ च्या कायद्याने कोर्टाला जे करायला लावलं तेच : एकूण रकमेवर भांडू नका, खातं उघडा.

तिसरं कारण, "आम्हीही बुडालो." याच्याशी मला सहानुभूती आहे. पण यातून एक वेगळाच प्रश्न उभा राहतो, तो मला सर्वात गंभीर वाटतो. मत कुणी दिलं? ज्यांच्या वाट्यातून पैसे जाणार होते त्यांनीच. ज्यांचं तारण गेलं, त्यांच्याकडे कर्जदार म्हणून एकही मत नव्हतं. आपल्या गावात दोन भावांच्या वाटणीचा वाद असेल तर पंच म्हणून त्यातल्याच एकाला बसवतो का आपण? त्याने कितीही मनापासून विचार केला तरी त्या निवाड्याला निवाडा म्हणत नाहीत. त्यांनी होकार दिला असता तरी माझा आक्षेप राहिलाच असता, कारण तो दानधर्म झाला असता.

असाच दुसरा प्रसंग त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला कंपाउंड नावाच्या व्यवस्थेत घडला. तिथे लिलाव अडकला नाही, भावच चुकीचा आला. डायची किंमत एका डॉलरच्या आसपास असायला हवी. एका मोठ्या बाजारात ती थोडा वेळ १ डॉलर ३० सेंटपर्यंत चढली. इतर बाजारांत ती इतकी चढलेली नव्हती. कंपाउंड भाव त्याच बाजारातून घेत होतं. ज्यांनी डाय उसने घेतले होते त्यांचं कर्ज कागदावर एकदम वाढल्यासारखं दिसलं, आणि सुमारे नऊ कोटी डॉलरची तारणं विकली गेली. म्हणजे, समजा लासलगावला एका शेडमध्ये एका व्यापाऱ्याने चुकून भलताच भाव पुकारला आणि तो ऐकून येवल्यातल्या सगळ्या सराफांनी घराघरातलं गहाण विकून टाकलं. तिथेही भरपाईचा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला.

आता याच्या उलट उदाहरण. ऑक्टोबर २०२५ मध्ये बाजार पुन्हा एकदा कोसळला. बायनान्स या मोठ्या कंपनीच्या बाजारात तारण म्हणून ठेवलेल्या काही नाण्यांचा भाव इतर ठिकाणांपेक्षा फारच खाली दाखवला गेला आणि लोकांची तारणं विकली गेली. कंपनीने सुमारे २८ कोटी डॉलर भरपाई दिली, आणि पद्धत कोणती? ठरावीक वेळेचा बाजारभाव आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव यातला फरक. आपण फळ्यावर मांडलं त्याच जातीचं गणित. हे भलेपणाने केलं की गिऱ्हाईक जाईल म्हणून, त्यात मी पडत नाही. मुद्दा एवढाच, की हिशेब करता येतो. "कुणाचं किती ते कळणार कसं" ही सबब खरी नाही. उलट जिथे प्रत्येक व्यवहार कायमचा नोंदलेला आहे, तिथे तर तो सर्वात सोपा.

पण एक गंमत बघा. ज्या बाजारात मालक आहे तिथे भरपाई मिळाली, आणि जो "लोकांचा" म्हणवतो तिथे मिळाली नाही. विकेंद्रित व्यवस्थेच्या समर्थकांनी याचा विचार करायला हवा. सावकार नको म्हणून तुम्ही सावकार काढून टाकलात. त्याच्याबरोबर ज्याच्या दारात जाऊन भांडायचं तो माणूसही काढून टाकलात.

माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझ्या आजीच्या पाटल्या एका पेढीवर गहाण होत्या. सोडवायला दोन दिवस उशीर झाला आणि पेढीवाल्याने त्या मोडून टाकल्या. आजी पाटल्यांसाठी रडली नाही. तिचं एकच म्हणणं होतं, "कितीला मोडल्या ते तर सांगा." ते तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. तारणाच्या सगळ्या कायद्यांचं सार मला त्या एका वाक्यात दिसतं.

आज सोनेतारणाचे नियम बघा. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोन्याचांदीच्या तारणावरच्या कर्जांसाठी एकत्रित निर्देश काढले, अंमलबजावणीची शेवटची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात काय आहे? लिलावाआधी कर्जदाराला नोटीस. लिलावाची राखीव किंमत त्या वेळच्या मूल्याच्या ९० टक्क्यांहून कमी ठेवायची नाही. दोनदा लिलाव फसला तरच ८५ टक्क्यांपर्यंत उतरता येतं. विक्रीतून वर उरलेली रक्कम कामाच्या सात दिवसांत परत. कर्ज फेडल्यावर सावकाराच्या चुकीने सोनं परत द्यायला उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बघा, भरपाईचा दर घटना घडायच्या आधी ठरलेला आहे. त्यासाठी मतदान नाही, कुणाची मेहेरबानी नाही. आजीच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे.

हे सगळं बिनचूक पाळलं जातं असं मी म्हणत नाही. सावकारीच्या जाचाच्या बातम्या आपण रोज वाचतो. पण नियम मोडला तर बोट दाखवायला नियम आहे. शून्याची बोली आपल्या सोनेतारणात कागदावर तरी अशक्य आहे. संगणकाच्या करारात एक ओळ घातली असती की राखीव किमतीखाली विक्री थांबेल, तर १२ मार्च टळला असता.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की राखीव किंमत ठेवली आणि भाव आणखी पडत गेला तर? विक्री थांबली, तोटा वाढला, व्यवस्था बुडाली. हा आक्षेप खरा आहे. सोनं एका दिवसात चाळीस टक्के पडत नाही, ईथर पडतं. म्हणून तिथे आपली ९० टक्क्यांची रेषा जशीच्या तशी चालणार नाही. ती खाली ठेवावी लागेल, आणि वेळेची मर्यादाही लागेल. पण "खाली" आणि "शून्य" यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

दुसरा आक्षेप जास्त जुना. भरपाईचं ओझं टाकलं की कर्ज महाग होतं. १८७९ च्या कायद्याबद्दल हेच म्हटलं गेलं, की सावकारांनी हात आखडता घेतला, गरजवंताला कर्ज मिळेना. त्यात तथ्य होतं. कागदाच्या मागे जाणारं कोर्ट आलं की कागदावर पैसा देणारा बिचकतो. माझं उत्तर असं, की ती किंमत आधीच सांगून सगळ्यांकडून थोडी थोडी घ्यावी. दंडाच्या त्या १३ टक्क्यांतला एखादा टक्का वेगळ्या पेटीत टाकावा, चांगल्या दिवसांत पेटी भरावी, वाईट दिवशी त्यातूनच भरपाई द्यावी. मग धारकांचा वाटा पातळ होत नाही, आणि मतदानाचा तमाशाही लागत नाही. पेटीत असेल तेवढंच मिळेल, कमी पडलं तर सर्वांना सारख्या प्रमाणात. हे तरी प्रामाणिक.

तिसरा आक्षेप : भरपाई मिळणार म्हटल्यावर लोक जास्त धोका घेतील. इथेच आपलं फळ्यावरचं गणित उपयोगी पडतं. भाव पडल्याचा तोटा, दंड, घाईच्या विक्रीतली घट, हे सगळं कर्जदाराच्याच अंगावर राहतं. मिळते ती फक्त मोडलेल्या लिलावाची तूट. ती मिळेल या आशेने कुणी जास्त कर्ज उचलणार नाही, जसं विमा आहे म्हणून कुणी स्वतःच्या घराला आग लावत नाही. लावणारे असतात, पण त्यांच्यासाठी आपण विमा बंद करत नाही.

तर माझा निष्कर्ष सांगतो. मेकरचा निर्णय तीन जागी चुकला. लिलाव झाला असं मानलं, जो झाला नव्हता. नुकसानीची खाती वेगळी न करता सगळी एका होकार-नकारात बांधली. आणि निवाडा अशांच्या हाती दिला ज्यांचे स्वतःचे पैसे त्यात अडकले होते. पहिली चूक पुढे दुरुस्त झाली, यंत्रापुरती. दुसरी आणि तिसरी अजून तशाच आहेत, आणि पुढचा १२ मार्च येईल तेव्हा पुन्हा समोर येतील.

शेवटी इथे बसलेल्या तरुणांसाठी. फोनवर कर्ज काढून फोनवरच तारण ठेवणारे तुमच्यात आहेत, मला माहीत आहे, हात वर करू नका. या व्यवहारात आपल्या देशातला कोणताही निबंधक तुमच्या बाजूने कागद उघडून बसणार नाही. नफा झाला तर त्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. तेव्हा तारण ठेवण्याआधी चार गोष्टी विचारा. भाव कुठून घेता, एका ठिकाणाहून की अनेक? लिलावाला तळ आहे का? उरलेलं मला कधी आणि कसं मिळेल? आणि चुकलं तर निवाडा कोण करणार? चौथ्या प्रश्नाचं उत्तर "आम्हीच" असं आलं, तर तिथून उठा.

सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळता तरी आले. इथला कागद जळत नाही. म्हणून तो सही करायच्या आधीच वाचायला हवा, आणि लिहिणाऱ्यांनी तो लिहिताना शून्य ही बोली धरायची की नाही, एवढं तरी ठरवायला हवं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.